गोल टाकीचं जाळं

आमच्या घरात बोलणं असं फारसं नव्हतंच. हे बंदराकडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. कारखान्यात लोखंडी टाक्या व्हायच्या, डिझेलच्या, पाण्याच्या, कसल्या कसल्या रसायनांच्या. सकाळी डबा घेऊन सायकलवरून जायचे, दिवेलागणीला परत यायचे. हातपाय धुऊन देवाला नमस्कार करायचा, चहा घ्यायचा, पेपर उघडायचा. जेवताना मीठ हवं असलं तर बोटाने दाखवायचे. रागीट नव्हते. कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. सरळही बोलले नाहीत, एवढंच.

मीही बोलणारी नव्हे. चौथीत शाळा सुटली, पुढे भावंडं सांभाळली, मग लग्न होऊन मांडवीला आले. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे विहीर. मूल झालं नाही. भिंतीपलीकडे एक वहिनी राहायच्या. त्यांचे यजमान बोटीवर असत, वर्षातून एकदा यायचे. वहिनींच्या तोंडाला लगाम नव्हता. एकदा विहिरीवर पाणी काढताना त्या म्हणाल्या, "आमचा घो बोटीवर आहे म्हणून बोलत नाही. तुझा घरात असून बोटीवर आहे गो." मी हसले. दुसरं काय करणार? त्या बोलल्या त्यात खोटं काही नव्हतं.

अशी बरीच वर्षं गेली. मग कारखान्याला ती मोठी टाकी मिळाली.

टाकी उंच होती, गोल होती, आणि तिच्यात काहीतरी जड भरायचं होतं. भरल्यावर पत्रा कुठे किती ताणला जाईल हे आधीच कळायला हवं होतं. मालकांचं मुंबईला ऑफिस होतं, तिथे कॉम्प्युटर होता, तो हा हिशेब करायचा. पण कॉम्प्युटरला टाकी म्हणजे काय ते ठाऊक नसतं. त्याला ती तुकडे करकरून सांगावी लागते. हे तुकडे पाडायचं काम ह्यांच्याकडे आलं. कारखान्यात घणांचा आवाज आणि माणसांची ये-जा, तिथे हे जमेना. म्हणून काम घरी आलं.

मधल्या खोलीत जमिनीवर मोठा कागद पसरला. समुद्राच्या हवेने कागद सादळायचा, कोपरे वळायचे, म्हणून मी अंगणातले जांभ्याचे तुकडे धुऊन चार कोपऱ्यांवर ठेवले. कागदावर उभ्या रेघा, आडव्या रेघा. टाकी गोल असताना कागदावर ती सपाट कशी, हे मला कळेना. मी विचारलं नाही, पण माझं तोंड बघून त्यांना समजलं असावं. त्यांनी फळीवरचा चहाचा डबा घेतला, त्याच्याभोवती चिकटवलेला कागद एका बाजूने सोडवला आणि जमिनीवर सपाट केला. म्हणाले, "हे असं."

उभ्या-आडव्या रेघांनी जे चौकोन झाले त्यांना ते एलिमेंट म्हणायचे. चौकोनाचा कोपरा म्हणजे नोड. सगळं मिळून मेश. मला ते शब्द तोंडात बसेनात. आमच्या घराशेजारून किनाऱ्याकडे जाताना कोळी फाटकी जाळी तुणत बसलेले असत, ते बघत मी इतकी वर्षं ये-जा केलेली. मी मनात चौकोनाला घर म्हणायची, कोपऱ्याला गाठ. प्रत्येक गाठीला एक नंबर. आणि प्रत्येक घराच्या चार गाठींचे नंबर क्रमाने छापील चौकटींच्या कागदावर भरायचे. तो भरलेला कागद एस.टी.च्या पार्सलने मुंबईला जायचा.

एकट्याने भरताना त्यांची नजर चित्रावरून चौकटीकडे जायची, परत चित्राकडे यायची आणि तेवढ्यात घर चुकायचं. दोन संध्याकाळी ते खोडत बसले. मग न बघताच म्हणाले, "तुला आकडे वाचता येतात ना?"

मी म्हटलं, मराठी येतात. त्यांनी मला इंग्रजी आकडे शिकवले. शून्य, दोन, तीन सोपे गेले. पण इंग्रजी नऊ मला आपला एक वाटायचा आणि इंग्रजी आठ आपला चार. कालनिर्णयाच्या जागी भिंतीवर कारखान्याचं इंग्रजी कॅलेंडर होतं. भात चढवताना, भांडी घासताना मी त्याच्याकडे बघून म्हणत राहायची. आठवड्याभरात आकडे पक्के झाले. मोठी संख्या एकदम म्हणायची नाही, एकेक आकडा सुटा म्हणायचा, असं त्यांनी सांगितलं. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी ऐकताना गोंधळ होतो म्हणून.

दुसरी अडचण मला कधी सुचली नसती. घराच्या चार गाठी वाचताना एका गाठीपासून निघायचं आणि फिरत परत यायचं. माझं बोट आपोआप देवळात प्रदक्षिणा घालतो तसं फिरायचं. ते म्हणाले, उलटं. कॉम्प्युटरला उलटं फिरलेलं लागतं, नाहीतर तो आतली बाजू बाहेरची समजतो, आणि टाकीतला दाब बाहेरून आहे असं धरून हिशेब करतो. देवाला कधी कोणी उलटं फिरत नाही. पहिले काही दिवस प्रत्येक घराला बोट उजवीकडून निघायचं आणि मी ते मागे ओढायची. एका रविवारी त्यांनी माझं मनगट धरून ते वळवलं. दिवसाउजेडी, दार उघडं असताना. मी खाली मान घालून पुढचं घर वाचलं.

त्यानंतर आमची संध्याकाळ बदलली. चहा झाला की जांभ्याचे तुकडे ठेवायचे. मी चित्राकडे, ते चौकटींकडे. मी चार आकडे म्हणायची, ते लिहायचे आणि 'हं' म्हणायचे. मग पुढचं घर. जाळं खालच्या बाजूला बारीक होतं, वर मोकळं. खाली तळ आणि भिंत जिथे जोडतात तिथे ताण जास्त असतो, म्हणून तिथे घरं लहान घ्यायची, असं त्यांनी सांगितलं होतं. त्यामुळे खालच्या भागात आम्ही रेंगाळायचो. मला ते आवडायचं.

वहिनींना भिंतीतून माझा आवाज ऐकू जायचा. मी कधी इतका वेळ तोंड उघडलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "काय गो, नवऱ्याला पाढे शिकवतेस काय? आणि पोर ते, दर वेळी हं म्हणतंय." मी सांगितलं, ऑफिसचं काम आहे. "असू दे असू दे," त्या म्हणाल्या, "एवढं तरी बोलतोय."

काम निम्म्यावर आलं असेल. एका संध्याकाळी ह्यांनी पेन खाली ठेवलं आणि आपणहून बोलले. मुंबईचे साहेब ह्या कामावर लक्ष ठेवून आहेत. हे नीट झालं तर ते मुंबईच्या ऑफिसात घेतील. तिथे अशीच कामं, टाक्या, पाईप, बॉयलर, सगळं गोल. पगार बरा. बोलताना त्यांचा चेहरा असा होता की लग्नातल्या फोटोतसुद्धा तसा नाही.

मी विचारलं, "कायमचं?"

"कायमचंच."

आमच्या भागातली माणसं मुंबईला जातात तेव्हा बायका मागे राहतात. खोल्यांमध्ये गावचे चौघे-पाचजण मिळून राहतात, गणपतीला आणि शिमग्याला येतात. ह्यात नवल काही नव्हतं. पण मला ते त्या क्षणी नवीन कळलं. मी जितकं नीट वाचीन तितके हे लवकर जाणार होते. त्या रात्रीपासून प्रत्येक घर वाचताना ते मला ठाऊक असायचं. तरी चुकीचा आकडा म्हणणं जमलं नसतं. समोर सात लिहिलेला असताना तोंडातून नऊ कसा निघेल? शिवाय आकडे थांबले असते तर आमची संध्याकाळही थांबली असती. मी सावकाश वाचायला लागले, एवढंच केलं. त्यांना वाटलं मी काळजीपूर्वक वाचतेय.

काम संपलं. पार्सल गेलं. हे परत पेपर उघडायला लागले.

मुंबईहून उत्तर आलं तेव्हा पाऊस सुरू झालेला होता. लांबलचक कागदाची घडी, दोन्ही कडांना भोकं, आत नुसते आकडे. ह्यांनी ती घडी मधल्या खोलीत उलगडली ती भिंतीपर्यंत गेली. गुडघ्यांवर चालत चालत ते एकेक पान बघत होते. एका जागी थांबले आणि बसूनच राहिले. चहा गार झाला. मी दुसरा केला, तोही गार झाला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात साहेबांचा फोन आला. साहेब हसून म्हणाले म्हणे, "अहो, टाकी फाटलीय तुमची." सगळ्यांसमोर फोनवर ते ऐकून घ्यावं लागलं.

संध्याकाळी त्यांनी जुना कागद काढला, गुंडाळी करून दोन्ही कडा एकमेकींना टेकवल्या आणि माझ्यासमोर धरला. बोट त्या जोडावर होतं.

"कागदावर ही पहिली रेघ आणि ही शेवटची रेघ, दोन दिसतात," ते म्हणाले. "टाकीवर ती एकच आहे. दोघींना एकच नंबर द्यायला हवे होते. मी शेवटच्या रेघेला नवीन दिले."

कॉम्प्युटरने ती दोन वेगळी टोकं धरली. जोड असा नाहीच. हिशेबात टाकी भरल्याबरोबर ती उभी उकलली, न शिवलेल्या परकरासारखी. मी वाचलं होतं ते कागदावर होतं तसंच वाचलं होतं, नंबर त्यांनीच घातले होते, आणि त्यांनी ते माझ्यावर ढकललं नाही. फक्त इतकंच म्हणाले की नंबर आडव्या ओळींनी घातलेत, आता प्रत्येक ओळीत एक गाठ कमी झाली म्हणजे पुढचे सगळे नंबर बदलणार. सगळी घरं पुन्हा वाचायची. आणि मुंबईचं आता कठीण आहे.

त्यांचा चेहरा पडला होता. मी त्यांच्यासाठी वाईट वाटून घ्यायचा प्रयत्न करत होते. आत कुठेतरी मला इतका आनंद झाला होता की मी उठून मागच्या दारी गेले आणि उगीच विहिरीवरचं झाकण सरळ केलं.

तो पावसाळा आमचा चांगला गेला. दिवे सारखे जायचे, मग कंदील कागदाच्या मध्यभागी ठेवायचा आणि दोघांनी दोन बाजूंनी वाकायचं. कागद ओला होऊ नये म्हणून दिवसा मी तो चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायची. त्याला धुराचा वास लागला होता. ह्या वेळी ते थोडं थोडं बोलायचे. लहानपणी नाटे गावी मामाकडे जायचे तिथे होडीला डांबर लावताना पाहिलं होतं, ते सांगितलं. होडीच्या फळ्यांचे जोड मामा कसे बुजवायचा ते हाताने करून दाखवलं. एकदा मी वाचता वाचता थांबले, घसा सुकला होता, तर स्वतः उठून पाणी आणलं. आणि एकदा म्हणाले, "तू वाचतेस तेव्हा मला चित्राकडे बघावं लागत नाही." त्यानंतर मी चुकू नये म्हणून इतकी जपायची की रात्री डोळे मिटले तरी घरं दिसायची.

जोडाच्या रेघेपाशी आलो की दोघेही सावध व्हायचो. ओळीतलं शेवटचं घर वाचताना दोन गाठी ओळीच्या शेवटच्या नंबरांच्या आणि दोन पहिल्या नंबरांच्या. मोठे आकडे म्हणता म्हणता एकदम लहान आकडे यायचे. तिथे ते 'हं' म्हणायच्या ऐवजी "बरोबर" म्हणायचे.

गणपतीच्या आधी पार्सल गेलं. ह्या वेळी उत्तर चांगलं आलं. टाकी मिटली होती.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असायची. घरच्या बायकांनी यायचं अशी पद्धत होती. मी एरवी कोपऱ्यात उभी राहून प्रसाद घेऊन परत यायची. त्या वर्षी कारखान्यात नवीन केबिन झालेली होती, काचेची, आत गार हवा, चपला बाहेर काढायच्या. आत टेबलावर नवीन कॉम्प्युटर. मुंबईचे साहेब स्वतः आले होते. लेथला, वेल्डिंगच्या यंत्रांना झेंडूचे हार घालून झाले आणि सगळे केबिनशी जमले. साहेब म्हणाले, पूजा करा पण कुंकू सांडू नका, आत गेलं तर यंत्र बंद पडेल. कोणाचा हात पुढे होईना. तेव्हा फोरमन माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, तुम्ही लावा. टाकीचे आकडे सगळे तुम्हीच वाचलेत ना."

ह्यांनी तिथे माझं नाव काढलं होतं तर. माझे कान तापल्यासारखे झाले. मी पुढे होऊन पडद्याच्या चौकटीला वरच्या कोपऱ्यात हळदीचं बोट आणि कुंकवाचं बोट लावलं, अगदी थोडं. फोरमननी दाराशी कापूर लावला.

मग साहेब खुर्चीत बसले आणि म्हणाले, आता गंमत बघा. त्यांनी बटणं दाबली. पडद्यावर हिरवं वर्तुळ आलं. किती रुंद, किती उंच, भोवती किती भाग, वर किती भाग, एवढेच आकडे त्यांनी घातले. वर्तुळातून रेघा वर चढल्या, आडव्या कड्या पडत गेल्या, आणि गोल टाकी उभी राहिली, अंगभर जाळं घेऊन. फोरमननी विचारलं, नंबर? साहेबांनी आणखी एक बटण दाबलं, गाठीगाठीवर बारीक आकडे उमटले. इतके बारीक की वाचता येईनात. वाचायचे नव्हतेच ते.

"आणि जोड हा आपोआप मिटवतो," साहेब ह्यांच्याकडे बघून म्हणाले. "आता फाटायची भीती नाही."

सगळे हसले. हेही हसले. आमचा आख्खा पावसाळा त्या पडद्यावर उभा होता आणि दारातला कापूर अजून विझला नव्हता.

साहेबांनी तिथेच सांगितलं की मुंबईला अशी आणखी यंत्रं घेतली आहेत. आकडे भरायला माणूस लागत नाही आता. पण यंत्राने दिलेलं उत्तर टाकीसारखं आहे की नाही हे बघणारा माणूस लागतो, आणि एकदा टाकी फाडून पुन्हा शिवलेला माणूस त्याला उत्तम. दिवाळीनंतर ह्यांना पाठवून द्या. मालकांनी मान हलवली. लोकांनी ह्यांच्या पाठीवर थापा मारल्या, कोणीतरी आपट्याचं पान त्यांच्या खिशात खोचलं. हे माझ्याकडे बघत होते. त्यांना मला ते दाखवायचं होतं, आपला आनंद. मी हसले. तेवढं मला करता आलं.

परत येताना ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले. समुद्राच्या बाजूने वारा होता. मी लग्नाला इतकी वर्षं झाली तरी काही मागितलेलं नव्हतं, त्यामुळे कसं मागतात ते मला ठाऊक नव्हतं. मी सरळ म्हटलं, "मी येते तुमच्याबरोबर मुंबईला."

ते थांबले नाहीत. सायकलचं चाक टिकटिक करत होतं. चालता चालता म्हणाले की सुरुवातीला गावच्या मुलांच्या खोलीत राहायचं आहे, तिथे बाईमाणसाची सोय नाही. मग बघू. मी म्हटलं, मग तरी नेणार ना? तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"तिकडे तू दिवसभर करशील काय?"

इथे मी दिवसभर काय करत होते ते तरी मला कुठे सांगता आलं असतं? घर येईपर्यंत मी शब्द जुळवत राहिले. घर आलं, त्यांनी सायकल भिंतीला लावली, मी देवापाशी दिवा लावायला गेले.

दिवाळीनंतर सकाळच्या एस.टी.ने ते गेले. स्टँडवर मला म्हणाले, रहाटाची दोरी झिजलीय, बदलून घे. गाडी सुटेपर्यंत ते खिडकीतून बघत होते, ते खरं सांगायला हवं. मनीऑर्डर वेळेवर यायची. पत्रं यायची, लहान, सगळी कुशल. मग बघू म्हणालेली खोली पुढच्या वर्षीही झाली नाही आणि त्याच्या पुढच्याही.

त्या प्रश्नाचं उत्तर मला सुचलं ते पुष्कळ उशिरा, एकदा तांदूळ निवडताना. संध्याकाळची वाट बघीन, असं म्हणायचं होतं. इथे तेच करायची, तिथेही तेच केलं असतं. एवढं सोपं होतं. पण ते ऐकायला समोर कोणी नव्हतं, आणि असतं तरी मी बोलले असते असं नाही.

ते गेले त्या दिवशी स्टँडवरून येऊन मी दार उघडलं नाही. पडवीतच बसले. वहिनी त्यांच्या पायरीवर पावसात सादळलेली कोकमाची सोलं सुकत घालत होत्या. त्यांनी सुपं एका बाजूला सारली आणि पायरीवर जागा केली. मी जाऊन बसले.

"कधी येतो म्हणाला?"

"शिमग्याला."

"सगळे शिमग्यालाच येतो म्हणतात," वहिनी म्हणाल्या, आणि एक सूप माझ्या मांडीवर ठेवलं.